स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलसाठी स्कोप: स्थिर ४×३२ की ३-९×४०?

जोरदार स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलवर साधा स्थिर ४×३२ स्कोप (दृश्य कायम चौपट मोठे दाखवणारी, ३२ मिमी पुढच्या भिंगाची नेम धरायची दुर्बीण) बसवावा की पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवणारे कडे असलेला ३-९×४० (३ ते ९ पट बदलता येणारा, ४० मिमी भिंगाचा), हे ठरवण्याआधी या रायफलचा धक्का समजून घ्यावा लागतो. पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे सरकते, आणि तो नळकांड्याच्या टोकाशी थांबताना तीच रायफल पुढे हिसका देते. केवळ मागे येणारा धक्का गृहीत धरून बांधलेल्या स्कोपची आतली भिंगे या दुसऱ्या हिसक्याने सैल होऊ शकतात.

स्थिर स्कोपमध्ये हलणारे भाग कमी आणि वजनही कमी, त्यामुळे तो हा मार सहसा अधिक सोसतो. त्याची खरी उणीव पॅरलॅक्सची आहे. १०० यार्डांसाठी जुळवलेल्या स्कोपमधून १५ मीटरवरचा कागद पाहताना डोळा किंचित बाजूला नेला, की रायफल स्थिर असूनही क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) काळ्या ठिपक्यावरून सरकताना दिसतो. ३-९×४० च्या अनेक नमुन्यांत कडे फिरवून सुमारे १० मीटरपर्यंतचे अंतर जुळवता येते आणि हा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

माझा कौल म्हणूनच ३-९×४० ला आहे, मात्र तो स्प्रिंग रायफलचा धक्का सोसतो असे निर्मात्याने स्पष्ट लिहिले असेल तरच. तसे नसेल, तर एअर रायफलसाठीच बनवलेला ४×३२ निःसंशय बरा. ३-९×४० चे वजन जास्त असल्याने त्याचा माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी पकड) रायफलच्या खाचेवरून मागे सरकू नये, यासाठी थांबपिन असलेला एकसंध माउंट घ्यावा.