एफआरसी, एफटीसी की व्हेक्स: हायस्कूलच्या रोबोटिक्स टीमला नक्की किती वेळ जातो?

सप्टेंबर आला की अमेरिकेतल्या आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न पडतोच, पोरगी नववीत गेलीये, रोबोटिक्सला घालू का, आठवड्याला किती तास जातात? मग कोणी म्हणतं पाच, कोणी म्हणतं पंचवीस, आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, कारण एकाचा मुलगा व्हेक्सला आणि दुसऱ्याची मुलगी एफआरसीला. (एफआरसी, एफटीसी आणि व्हेक्स ह्या शाळेतल्या मुलांच्या तीन वेगवेगळ्या रोबोटिक्स स्पर्धा.) माझं मत आधीच सांगते, आठवड्याचे तास विचारून काही कळत नाही, कुठल्या महिन्यात किती ते विचारा. कारण तिन्हीकडे मेहनत लागतेच, फक्त ती वर्षाच्या वेगवेगळ्या भागात येऊन आदळते.

आधी एफआरसी, कारण सगळ्यात जास्त धसका त्याचाच असतो, आणि तो काही अगदीच उगाच नाहीये. एफआरसी आणि एफटीसी दोन्ही फर्स्ट ह्या संस्थेच्या, डीन केमन यांनी 1989 मध्ये काढलेली, एफआरसीचा पहिला सीझन 1992 चा. रोबॉट शंभर पौंडांहून जड, मैदान साधारण 54 फूट बाय 27 फूट, तीन टीम विरुद्ध तीन टीम, मॅच साधारण अडीच मिनिटांची. खेळ दरवर्षी नवा, आणि तो जानेवारीच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या शनिवारी जाहीर होतो, त्याला किकऑफ म्हणतात. तोपर्यंत रोबॉट कसला बनवायचाय हेच कोणाला माहीत नसतं. त्या दिवशी मुलं एकत्र बसून व्हिडिओ बघतात, शंभरच्या वर पानांचं मॅन्युअल वाटून घेऊन वाचतात, आणि तिथून घराचं वेळापत्रक विस्कटतं ते पार एप्रिलपर्यंत.

आमच्या बाजूच्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या टीम्सचं सर्वसाधारण गणित असं: आठवड्यात तीन संध्याकाळी सहा ते नऊ, शनिवारी सकाळी नऊ-दहापासून चार वाजेपर्यंत. झाले 15-16 तास. आणि हा साधा आठवडा, कॉम्पिटिशनच्या आधीचा आठवडा धरलाच नाहीये, तेव्हा रोज असतं. शिवाय नऊ म्हणजे नऊ नव्हेच. तुम्ही पावणेनऊला शाळेच्या पार्किंगमध्ये हीटर लावून बसता, मेसेज येतो "आई पाच मिन्टं", आणि आत कोणीतरी तुटलेली चेन परत बसवत असतं, एक जण लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेला की एकदाच कोड चालवून बघू, तेवढ्यात बॅटरी उतरते मग कार्टवरची दुसरी आणा, ती लावा, सेफ्टी ग्लासेस घाला, सगळे मागे व्हा, आणि ह्या सगळ्यात साडेनऊ. मग पोर गाडीत येऊन बसतं, हाताला ग्रीस, पोटात भूक, आणि केमिस्ट्रीचं होमवर्क अजून राहिलेलं. हा गाडीतला वेळ तुमचा असतो आणि तो कुठल्याच हँडबुकात लिहिलेला नसतो.

एक जुना सल्ला अजून फिरतो, "सहाच आठवड्यांचा प्रश्न आहे हो, काढायचे." 2019 पर्यंत ते खरं होतं. तेव्हा ठरलेल्या दिवशी रोबॉट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करायला लागायचा, मग कॉम्पिटिशनपर्यंत हात लावायचा नाही. 2020 च्या सीझनपासून तो नियम गेला. आता शेवटपर्यंत सुधारणा करत बसता येतं, आणि येतं म्हटल्यावर मुलं करतातच. काही शहाणे मेंटॉर स्वतःच आठवड्याच्या दिवसांवर मर्यादा घालतात, अशी टीम मिळाली तर मी डोळे मिटून हो म्हणीन.

कॉम्पिटिशनचं वेगळं धरा. न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर ह्या भागात डिस्ट्रिक्ट पद्धत आहे, म्हणजे मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक टीमला दोन इव्हेंट, प्रत्येकी 12 क्वालिफिकेशन मॅच, म्हणजे दोन वीकेंड पूर्ण गेले. पॉइंट जमले तर डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिप, आमच्याकडची बरीच वर्षं लीहाय युनिव्हर्सिटीत होत आलीये, त्याला शाळा बुडते. आणि तिथूनही पुढे गेलात तर ह्युस्टनची वर्ल्ड चॅम्पियनशिप. 2026 चं ह्युस्टन 29 एप्रिल ते 2 मे, आणि एपी म्हणजे कॉलेज पातळीच्या विषयांच्या परीक्षा 4 मे पासून. बघा म्हणजे. जिंकणं महागात पडतं ते असं. ज्या राज्यांत रीजनल पद्धत आहे तिथे इव्हेंट बहुतेक गुरुवार ते शनिवार, म्हणजे पहिल्याच इव्हेंटला दोन दिवस शाळा गेली.

पण एफआरसीत एक सोय आहे जी लोक विसरतात. टीम मोठी असते, वीस-तीस-पन्नास मुलं, त्यामुळे सगळ्यांचा वेळ सारखा जात नाही. कॅडवाली, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी मुलं सुरुवातीच्या आठवड्यांत पिसली जातात आणि नंतर मोकळी होतात. प्रोग्रामिंगवाल्यांचं उलट, रोबॉट हातात येतोच उशिरा म्हणून शेवटी जागरणं. अवॉर्डसाठी लिहिणारी, स्पॉन्सर शोधणारी मुलं बरंचसं काम घरून करू शकतात. आणि नववीतल्या नवीन मुलाला इव्हेंटमध्ये बहुतेक काय मिळतं तर स्काऊटिंग, म्हणजे गॅलरीत बसून टॅबलेटवर समोरचा एक रोबॉट काय काय करतो ते नोंदवायचं, एका मॅचला सहा रोबॉट म्हणून सहा जण, दिवसभर मॅचमागून मॅच. कंटाळवाणं वाटतं खरं, पण त्याच नोंदींवर संध्याकाळी अलायन्सला, म्हणजे पुढच्या फेरीत एकत्र खेळणाऱ्या टीम्सच्या गटात, कोणाला निवडायचं ते ठरतं.

आता एफटीसी. रोबॉट सुरुवातीला 18 इंचांच्या चौकोनी खोक्यात बसला पाहिजे, मैदान 12 फूट बाय 12 फूट, टीममध्ये जास्तीत जास्त 15 मुलं, सातवीपासून चालतं. किकऑफ सप्टेंबरच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरपासून लीग मीट नाहीतर क्वालिफायर अशा सुरुवातीच्या स्पर्धा, फेब्रुवारी-मार्चच्या आसपास राज्य पातळी. बहुतेक इव्हेंट एका दिवसाचे, शनिवारी नाहीतर रविवारी, शाळा बुडत नाही. आठवड्याचं बघायला गेलं तर दोन संध्याकाळी दोन-अडीच तास आणि वीकेंडला एक दुपार, सहा ते आठ तास, इव्हेंट जवळ आला की दुप्पट. कागदावर हे एफआरसीच्या निम्मं दिसतं, पण पाच-सहा महिने संथ चालू राहतं, आणि मुलं कमी असल्यामुळे कोणाला दांडी मारता येत नाही. सात जणांच्या टीममध्ये प्रोग्रामिंग करणारा एकच असेल आणि तो आजारी पडला की बाकीचे नुसते त्याच्या खुर्चीकडे बघत बसतात. शिवाय इंजिनिअरिंग पोर्टफोलिओ, म्हणजे रोबॉट कसा बनवला त्याचा परीक्षकांसाठीचा अहवाल, कव्हर सोडून 15 पानं, तो कोण लिहिणार ह्यावरून आदल्या रात्रीची भांडणं ठरलेली.

आणि एफटीसीत पालकांचा वेळ जातो हो, हे कोणी आधी सांगत नाही! शाळेची टीम असेल तर ठीक, पण आपल्याकडे बऱ्याच टीम्स चार-पाच घरांनी मिळून काढलेल्या असतात, कोणाच्यातरी बेसमेंटमध्ये. 12 बाय 12 चं मैदान मावेल असं बेसमेंट ज्याचं तो आपोआप यजमान. मग दर शनिवारी पोहे नाहीतर पिझ्झा, कार्पेटमध्ये स्क्रू, आणि दोन मोठ्या माणसांना कोच म्हणून बॅकग्राउंड चेकसकट नाव नोंदवायला लागतं. मुलाचे सात तास असतील तर कोच असलेल्या बाबाचे दहा धरा, कारण पार्ट ऑर्डर करणं, ईमेल, रजिस्ट्रेशन हे मुलं झोपल्यावर होतं.

व्हेक्सचं पटकन सांगते. टीम छोटी, बऱ्याचदा तीन-चार मुलं, धातूचे भोकं पाडलेले तयार पार्ट, शाळेच्याच एखाद्या वर्गात सुटल्यावर काम, त्यामुळे संध्याकाळच्या फेऱ्या कमी. आठवड्याला चार-सहा तासांत भागतं. पुढच्या वर्षीचा खेळ वर्ल्ड चॅम्पियनशिपलाच, एप्रिलअखेर नाहीतर मेच्या सुरुवातीला जाहीर होतो, म्हणजे सीझन जवळजवळ वर्षभराचा. स्थानिक टूर्नामेंट बऱ्याच असतात, एक चुकली तर दुसरीला जा. ज्याला वेळ कमी आहे त्याला हे बरं, पण ज्याला जिंकायचंच आहे तो उन्हाळ्यातसुद्धा रोबॉट खोलून परत जोडत बसतो, तेव्हा कमी वेळाचं म्हणून व्हेक्स हे मला पूर्ण पटत नाही.

मग ठरवायचं कसं? मी इयत्तेवरून ठरवीन. नववी-दहावीला एफआरसी चालून जातं, एपीचं ओझं कमी असतं. अकरावी सगळ्यात वाईट, मार्चमध्ये एसएटी, मेमध्ये चार-पाच एपी आणि मध्ये दोन-तीन वीकेंड इव्हेंटचे, तिथे मूल आधीच दमलेलं असेल तर रोबॉटच्या हार्डवेअरऐवजी अवॉर्डच्या टीममध्ये जाऊ दे. बारावीला मात्र चित्र उलटं होतं. एफटीसीचा भरातला काळ म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि तेव्हाच 1 नोव्हेंबरचे कॉलेजचे अर्ली अर्ज, निबंध, सगळं डोक्यावर. एफआरसी जानेवारीत सुरू होतं, तोवर बहुतेक अर्ज गेलेले असतात, त्यामुळे बारावीची मुलं एफआरसीत खरी मोकळेपणाने रमतात.

दुसरी बाजू घरातल्या बाकीच्या गोष्टींची. मार्चिंग बँड असेल तर एफटीसीशी टक्कर, कारण दोन्ही शरद ऋतूत. ट्रॅक किंवा टेनिस असेल तर एफआरसीशी, मार्चमध्ये ट्रायआउट आणि इव्हेंट एकाच आठवड्यात येतात आणि दोन्ही कोच म्हणतात आमचं आधी. मंडळाच्या नाटकात मुलाला घेतलं असेल तर तारीख बघा, गणपतीचा कार्यक्रम एफटीसीच्या तोंडावर येतो (2024 ला तर गणेश चतुर्थी आणि एफटीसीचा किकऑफ दोन्ही 7 सप्टेंबरला), संक्रांतीचा एफआरसीच्या ऐन पहिल्या आठवड्यांत, आणि पाडवा इव्हेंटच्या धामधुमीत. रविवारची मराठी शाळा मात्र तिन्हींतून वाचते, इव्हेंटचे रविवार सोडले तर.

टीमच्या माहिती सभेला गेलात तर "किती तास" सोडून हे विचारा: हजेरी मोजता का आणि किती टक्के कमी झाली तर ट्रिपला नेत नाही? सप्टेंबर ते डिसेंबरचं ट्रेनिंग त्यात धरता का? मिडटर्मच्या आठवड्यात मीटिंग असते का? नववीतल्या मुलाला पहिल्या वर्षी नक्की काय काम मिळतं? पालकांकडून जेवण, गाडी, पैसे यातलं काय अपेक्षित आहे? (एफआरसीची पहिली नोंदणीच सहा हजार डॉलरच्या घरात जाते, त्यामुळे फंडरेझिंगचे शनिवार वेगळे.) उत्तर "तसं काही सक्तीचं नाही" असं आलं तर एखाद्या अकरावीतल्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की फेब्रुवारीत तू घरी कधी जेवतोस.

आणि डिसेंबरात भारतात जाणार असाल तर परतीचं तिकीट काढायच्या आधी किकऑफचा शनिवार बघून घ्या, जेट लॅग उतरायला दोन दिवस मधे ठेवून.