बेर्गसाँचं जुनं पुस्तक, टुकार छपाई आणि एसटीचा तक्ता

मजकूर उत्तम, छपाई टुकार. घाईत असाल तर एवढं पुरे.

आंरी बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा १८८९ सालचा हा प्रबंध. पॉग्सननं १९१० मध्ये तो ‘टाइम अँड फ्री विल’ या नावानं इंग्रजीत आणला. आता बरेच जण छापतात. माझी ऑनलाइन मागवलेली प्रत तीनशेच्या आत पडली. जुन्या पानांचे फोटो काढून तसेच छापलेत. कुठं अक्षर गडद, कुठं पुसट. बांधणी अशी की ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत जातो, आणि तळटीपांना भिंग लागतं.

पहिलं प्रकरण खुशाल मागं ठेवा. टाचणी किती खोल टोचली, मेणबत्त्या कमी केल्या की उजेडाचं काय होतं, यावरून तो त्या काळच्या मानसशास्त्रज्ञांशी भांडतो. त्याला त्याची गरज असेल, मला जांभया आल्या.

दुसऱ्या प्रकरणात मात्र सुरुवातीलाच मेंढरं भेटली. पन्नास मेंढरांचा कळप म्हणताना आपण ती सगळी सारखी धरतो, खरं तर प्रत्येक वेगळं असतं आणि मेंढपाळाला ते ओळखू येतं, असं हा पॅरिसचा प्राध्यापक लिहितो. आमचं घर माण तालुक्यातलं, धनगराचं. आबा संध्याकाळी मेंढरं वाघरात घेताना आकडा कधी म्हणायचे नाहीत. नुसती नजर फिरवायचे आणि म्हणायचे, “ती कानकापी कुठाय रं?” बेर्गसाँचं म्हणणं असं, की मोजायचं म्हणजे फरक पुसून वस्तू शेजारी-शेजारी मांडायच्या, आणि मांडायला जागा लागते. काळाचंही आपण तेच करतो, मिनिटाशेजारी मिनिट मांडतो. मनात चाललेला काळ तसा नसतो. तिथं गाण्यातल्यासारखा मागचा सूर पुढच्यात मुरलेला असतो.

त्याचा एक दाखला तर कुणीही घरी करून पाहावा. लिहिता लिहिता शेजारच्या घड्याळाचे ठोके पडतात, लक्ष जातं तोवर काही पडून गेलेले असतात. मोजलेले नसतात. तरी मनात तीन म्हणून पाहिलं तर जुळत नाही, चार म्हटलं की जुळतं. म्हणजे आकड्याआधीच काहीतरी साठलेलं होतं.

मी सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी तक्ता, माईक आणि नोंदवही यात गेली. त्यामुळं तिसऱ्या प्रकरणातली एक कल्पना मी पुन्हा पुन्हा वाचली. समजा, विश्वातल्या सगळ्या हालचाली दुप्पट वेगानं व्हायला लागल्या, घड्याळंसुद्धा. शास्त्रज्ञाच्या सूत्रात एक अक्षर बदलणार नाही. आमच्या तक्त्यातही नाही! दहिवडी, कोरेगाव, मेढा, पाटण, सगळ्या गाड्या आपापल्या आकड्यावर बरोबर लागतील आणि नियंत्रकाला पत्ता लागणार नाही. फरक कळेल तो फलाटावर बसलेल्या माणसाला, आतून. कारण मोजणाऱ्याच्या हाती अंतराची दोन टोकं येतात, मधलं अंतर येत नाही, असं तो म्हणतो. नोंदवहीत आम्ही काय लिहायचो? गाडी आली, गाडी सुटली. “सायब, दहिवडी कवा लागनार?” असं विचारणारा ‘पाच चाळीस’ ऐकूनसुद्धा थोड्या वेळानं परत खिडकीशी यायचा. टोक त्याला पहिल्यांदाच कळलेलं असायचं. मधलं काढायचं राहिलेलं असायचं.

पण बेर्गसाँ घड्याळाला जरा जास्तच खालच्या बाकावर बसवतो. चारचौघांत जगायला, बोलायला ते लागतं हे कबूल करतो, आणि लगेच त्या जगण्याला आपल्या खऱ्या स्वत्वाची सावली म्हणतो. वेगवेगळ्या गावांच्या माणसांना एकाच गाडीत बसवायचं तर आकडाच लागतो, ही काही सावली नव्हे. १९३२ मध्ये गास्ताँ बाश्लार या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं त्याला उलट उत्तर दिलं: खरा असतो तो क्षण, सलगपणा आपण मागाहून रचतो. हा बाश्लार तरुणपणी पोस्टात नोकरीला होता हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटली. तरी फलाटावरचं बसणं त्याच्या हिशेबात नीट बसत नाही, तिथं बेर्गसाँच सरस.

बेर्गसाँच्या आइन्स्टाइनशी काळावरून झालेल्या वादासाठी पुस्तक घेणार असाल तर थांबा. तो वाद पॅरिसला १९२२ मध्ये झाला, म्हणजे या पुस्तकानंतर तेहेतीस वर्षांनी. बेर्गसाँला मिळालेलं १९२७ चं नोबेलही फार नंतरचं.

मजकुराला साडेचार तारे, छपाईला दीड. मागवण्याआधी आतल्या पानांचे फोटो बघून घ्या, नव्यानं अक्षरजुळणी केलेली प्रत मिळाली तर शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. माझी प्रत परत करता आली असती, पण दुसऱ्या प्रकरणभर पेन्सिलीच्या खुणा करून ठेवल्यात, आता ती कोण घेतंय.