इंग्लिश स्पीकिंगचा क्लास: मॅडम भारी, नोट्स भंगार

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे तक्रारपण आहे. फी जरा जास्तच वाटली, एसी नावापुरता, पण शिकवणं एक नंबर, घोकंपट्टी अजिबात नाही.

टाइमवाल्या फ्रेजेस चालू होत्या त्यात 'वन्स इन अ ब्लू मून' आलं. छापील नोट्समध्ये त्याच्यापुढे चक्क 'महिन्यातून एकदा' लिहिलंय! मॅडमनी सगळ्यांना ते खोडायला लावलं आणि बोर्डावर गणितच मांडलं, की दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे बारा पौर्णिमा 354 दिवसांत उरकतात, वर्षाचे अकराएक दिवस उरतात, ते साठत जाऊन अडीच-तीन वर्षांनी कधीतरी एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा येतात, त्यातली दुसरी ती ब्लू मून. चंद्र निळाबिळा काही नसतो. मागच्या बाकावरच्या काकू लगेच, "अगं बाई, म्हणजे आपला अधिक महिनाच की!" हिशोब तोच हो. 2023 ला ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा होत्या आणि त्याच वर्षी अधिक श्रावणही होता. हा दोन पौर्णिमांचा अर्थ मात्र 1946 च्या एका अमेरिकन खगोल मासिकातल्या गफलतीतून रूढ झालाय, फ्रेज त्याच्या कितीतरी आधीची, हेपण तिथंच कळलं.

बोलताना अर्थात कुणी पंचांग काढून बसत नाही, अर्थ सरळ सठीसहामाशी, क्वचित कधीतरी. ठरल्या वेळी होणाऱ्या गोष्टीला मात्र चालत नाही, सोसायटीची एजीएम दरवर्षी असते म्हणून ती काही ब्लू मूनला होत नाही (आमच्याकडे होते, तो भाग वेगळा). बॅचमधल्या एकाने वाक्य केलं, 'माय इन्क्रिमेंट कम्स वन्स इन अ ब्लू मून'. मॅडम म्हणाल्या वाक्य बरोबर आहे, फक्त एचआरला मेल करताना टाकू नकोस, गप्पांमधली भाषा आहे ही. अख्खा क्लास फुटला.

आता नोट्स. त्याचे वेगळे पैसे घेतात आणि वर असल्या चुका, सांगितलं तर म्हणे पुढच्या छपाईत बघू. शनिवार-रविवारची बॅचपण टाळा, खुर्च्या पुरत नाहीत. डेमो लेक्चर फ्री आहे ते बघून मगच फी भरा, नोट्स घेऊ नका, बोर्डावरचं वहीत उतरवलं तरी भागतं. साडेतीन स्टार.