कड, भरीव रंग की ठिपका? क्यूपाथ, फिजी, सेलप्रोफायलर आणि नापारीत सापडलेल्या पेशी कशा दाखवाव्यात

पेशी ओळखणारे सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यांत अचूक कोणते? पण ती अचूकता शेवटी तपासायची डोळ्यांनीच, मूळ चित्रावर उमटलेल्या कडा बघून. कड जाड असली की चिकटलेली दोन केंद्रके एकच वाटतात. भरीव रंग दिला की खालचा स्टेन (पेशींना दिलेला रंग) झाकला जातो. झूम फार कमी केला तर विरळ पेशींचा भागही गच्च भरलेला दिसतो. आकडे तेच राहतात, फसतो तो बघणारा.

म्हणून इथे चार मोफत साधने फक्त याच अंगाने जोखली आहेत: सापडलेली वस्तू पडद्यावर कशी दिसते, तिचे रूप किती बदलता येते आणि बदलताना घोळ कुठे होतो. चौघांतला मूळ फरक एकाच प्रश्नावरून उलगडतो: ती कड राहते कुठे? क्यूपाथमध्ये कड वस्तूची स्वतःची असते, चित्राला ती शिवत नाही. फिजीत ती चित्रावर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरसारखी असते, हवी तेव्हा उचलता येते. सेलप्रोफायलर नवे चित्र तयार करून त्याच्या पिक्सेलमध्येच कड कोरतो. नापारीत बहुतेक वेळा कड अशी नसतेच. प्रत्येक पेशीला एक क्रमांक दिलेला लेबलांचा स्वतंत्र थर असतो आणि कड त्यातून त्या क्षणी काढली जाते.

क्यूपाथ: अख्ख्या स्लाइडसाठी

क्यूपाथचा जन्म बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला, शोधनिबंध २०१७ चा. तो घडलाच स्कॅन केलेल्या पॅथॉलॉजी स्लाइडसाठी, त्यामुळे लाखभर पेशी एकदम दाखवणे त्याला जड जात नाही. मात्र त्या ‘डिटेक्शन’ (सॉफ्टवेअरने शोधलेल्या वस्तू) म्हणून असाव्यात. त्याच पेशी ‘अ‍ॅनोटेशन’मध्ये (हाताने काढायच्या वस्तूंत) बदलल्या की प्रत्येकीची कड हाताने बदलता येते आणि त्या सोयीपायी पडदा रखडू लागतो. शे-दोनशे पेशींना हे चालते, पन्नास हजारांना नाही.

व्ह्यू मेनूतल्या ‘सेल डिस्प्ले’मध्ये चार पर्याय आहेत: फक्त केंद्रके, फक्त पेशींच्या कडा, दोन्ही, किंवा फक्त मध्यबिंदू. केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींची खूण) सारख्या केंद्रकातल्या स्टेनसाठी ‘फक्त केंद्रके’ घ्या. पेशीची जी बाहेरची कड दिसते ती बऱ्याचदा खरे पेशीपटल नसते. केंद्रकाची कड ठरावीक अंतराने बाहेर फुगवून ती काढलेली असते (क्यूपाथच्या नेहमीच्या पेशीशोधात हे अंतर मुळात ५ मायक्रॉन असते). ती सतत समोर राहिली की नवखा माणूस तिलाच पटल समजून ‘बॉर्डर चुकली’ म्हणत सेटिंग बदलत बसतो.

आता जाडी. इथे एक गंमत आहे जी मेनूवरून कळत नाही. प्रेफरन्सेसमध्ये अ‍ॅनोटेशनच्या रेषेची जाडी पडद्याच्या पिक्सेलमध्ये मोजतात आणि डिटेक्शनची चित्राच्या पिक्सेलमध्ये. म्हणून झूम केल्यावर तुम्ही काढलेल्या भागाची कड तेवढीच राहते, पण पेशींच्या कडा फुगत जातात. हिशेब करून पाहा. २०एक्सला (वीसपट भिंगाने) स्कॅन केलेल्या स्लाइडमध्ये एक पिक्सेल साधारण ०.५ मायक्रॉनचा असतो. डिटेक्शनची जाडी २ ठेवली तर रेषा १ मायक्रॉनची होते, त्यातली निम्मी केंद्रकाच्या बाहेर पडते आणि ८ मायक्रॉनचे केंद्रक डोळ्याला ९ चे वाटते. ४०एक्सला पिक्सेल ०.२५ मायक्रॉनचा, त्यामुळे हाच फुगवटा निम्मा. क्षेत्रफळाच्या मोजमापाला यातले काहीच लागत नाही, पण ‘सॉफ्टवेअर केंद्रके मोठी धरतेय’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच निघते. जाडी १ करा आणि मगच शोधाची सेटिंग बदलायची की नाही ते ठरवा.

रंगांचे नेहमीचे संकेत, पॉझिटिव्ह लाल आणि निगेटिव्ह निळा, कागदावर शोभतात. डॅब या स्टेनच्या तपकिरी केंद्रकावर लाल कड आणि हिमॅटॉक्झिलिन या स्टेनच्या निळ्या केंद्रकावर निळी कड मात्र स्टेनमध्ये विरघळते. वर्गांच्या यादीत नावावर दोनदा क्लिक करून पॉझिटिव्हला ठळक हिरवा आणि निगेटिव्हला काळा द्या. तपकिरी केंद्रकाभोवती काळी कड आली की चुकलेली पेशी लगेच नजरेत भरते. पिवळा टाळा, कारण निवडलेली वस्तू क्यूपाथ मुळात पिवळीच दाखवतो.

खरी तपासणी दोन कळांवर चालते. ‘डी’ दाबले की सगळी डिटेक्शन गायब होतात, पुन्हा दाबले की परत येतात. ‘एफ’ने भरीव रंग चालू-बंद होतो. एखाद्या दाट भागावर झूम करून डी पाच-सहा वेळा दाबा. स्थिर चित्राकडे मिनिटभर बघून जे दिसत नाही ते या उघडझापीत दिसते: राहून गेलेले फिके केंद्रक, दोनांची झालेली एक पेशी. भरीव रंग मात्र तपासणीला वापरू नका. तो झूम कमी असताना उपयोगाचा. चित्र १६ पट लहान केले की ३२ पिक्सेलचे केंद्रक पडद्यावर २ पिक्सेलचे उरते, तिथे कड आणि भरीव यांत फरकच राहत नाही. वर्गांची वाटणी तेवढी कळते.

मोजमापानुसार रंगवायचे असेल तर ‘मेझर’ मेनूत ‘मेझरमेंट मॅप्स’ आहेत. नकाशा चालू असेपर्यंत वर्गांचे रंग दिसत नाहीत. ते उडाले नाहीत, फक्त मागे गेलेत. दुसरी अडचण मोठी आहे. किमान आणि कमाल मर्यादा समोरच्या स्लाइडमधल्या मूल्यांवरून येतात, आणि धुळीच्या एका काळ्या कणाने कमाल वर ओढली की बाकी सगळ्या पेशी एकाच रंगाच्या दिसतात. दोन रुग्णांच्या स्लाइड शेजारी ठेवायच्या तर दोन्हींकडे तेच दोन आकडे हाताने घाला. नाहीतर त्या चित्रांची तुलना करण्यात अर्थ नाही.

फिजी: मोजकी चित्रे, शोधनिबंधातली आकृती

फिजी म्हणजे प्लगइनांची शिदोरी बांधून दिलेले इमेजजे (चित्रे मोजण्याचे सॉफ्टवेअर). इथे एकच काम तीन वाटांनी होते आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. ‘अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स’च्या खिडकीत ‘शो’ या यादीत आउटलाइन्स, मास्क्स, काउंट मास्क्स, ओव्हरले असे पर्याय दिसतात. ‘आउटलाइन्स’ निवडले तर कडांचे वेगळेच चित्र उघडते, मूळ चित्र कोरडे राहते. ‘ओव्हरले’ निवडले तर कडा मूळ चित्रावर येतात. आणि खालच्या ‘अ‍ॅड टू मॅनेजर’वर खूण केली तर त्याच कडा आरओआय मॅनेजरमध्येही (निवडलेल्या भागांच्या यादीत) जातात.

ओव्हरले आणि मॅनेजर दोन्ही चालू ठेवले की प्रत्येक पेशीवर कडांच्या दोन प्रती बसतात. मग मॅनेजरमधून नको ती वस्तू काढून टाकली तरी चित्रावर कड तशीच राहते आणि माणूस चक्रावतो. ती ओव्हरलेमधली असते. एकच वाट धरा. हाताने वस्तू काढायच्या-घालायच्या असतील तर मॅनेजर. नुसते दाखवायचे असेल तर ओव्हरले. टिफ म्हणून जतन केलेल्या फाइलबरोबर ओव्हरले राहतो. मॅनेजरमधल्या वस्तू वेगळ्या झिप फाइलमध्ये ठेवाव्या लागतात आणि हे विसरणारे पुष्कळ आहेत.

रूप बदलायला मॅनेजरमध्ये ‘प्रॉपर्टीज’ आहे. काहीच निवडलेले नसेल तर बदल सगळ्यांना लागू होतो. रेषेची जाडी ० ठेवली की कितीही झूम केला तरी ती पडद्यावर एक पिक्सेलच राहते. तपासणीसाठी हीच उत्तम, आणि क्यूपाथवर फिजीने मिळवलेला हा छोटा पण खरा विजय आहे. भरण्याचा रंग दिला की कडेचा रंग आणि जाडी दुर्लक्षित होतात, हेही लक्षात ठेवा. अर्धपारदर्शक भर हवी असेल तर रंगाच्या जागी आठ अंकी संकेत टाइप करा: पहिले दोन अंक अपारदर्शकतेचे, पुढचे सहा रंगाचे. हे अंक सोळाच्या पायावर मोजतात, म्हणून सुरुवातीला ८० घातले तर रंग साधारण अर्धा पारदर्शक होतो, ४० घातले तर भर पावपट उरते.

क्रमांकांच्या पाट्या शंभरच्या पुढे गेल्या की चित्र वर्तमानपत्रासारखे दिसते. ‘इमेज’ मेनूत ‘ओव्हरले’, त्यात ‘लेबल्स’मध्ये अक्षरांचा आकार कमी करा किंवा पाट्या सरळ बंद ठेवा.

शेवटी ‘फ्लॅटन’. यातून आरजीबी रंगांचे नवे चित्र मिळते आणि त्यात कडा कायमच्या उमटलेल्या असतात. ते आकृतीसाठी. त्यावर तीव्रता मोजली तर तुमच्या पिवळ्या रेषेचीही तीव्रता मोजली जाईल. वस्तू दहा हजारांवर गेल्या की मॅनेजर धापा टाकतो. त्या कामाला फिजी निवडूच नका.

सेलप्रोफायलर: चित्रे हजारो, बघणारा एक

ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या या साधनात रंग आणि जाडी तुम्ही बघता बघता बदलत नाही, पाइपलाइनमध्ये (एकामागोमाग चालणाऱ्या पायऱ्यांच्या यादीत) लिहून ठेवता. ९६ खणांची प्लेट आणि प्रत्येक खणात ९ जागा म्हणजे एका रंगाची ८६४ चित्रे. सगळ्यांवर कडा एकसारख्या उमटतात, हा मोठाच फायदा. तोटा असा की रंग आवडला नाही तर पुन्हा चालवा.

पेशी ओळखण्याच्या मॉड्यूलच्या (पाइपलाइनमधल्या त्या पायरीच्या) खिडकीत तीन रंग दिसतात. अलीकडच्या आवृत्तीत हिरवी कड म्हणजे स्वीकारलेली वस्तू, किरमिजी म्हणजे आकाराच्या मर्यादेबाहेरची, पिवळी म्हणजे चित्राच्या काठाला टेकल्यामुळे वगळलेली. हे रंग प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतात. पाइपलाइन सुधारण्यासाठी ही खिडकी सोन्यासारखी आहे: किरमिजी रंग जास्त दिसला की व्यासाची मर्यादा चुकली, हे आकडे न बघता कळते. मुळातली मर्यादा १० ते ४० पिक्सेलची असते आणि ती तुमच्या चित्राला लागू पडेलच असे नाही. टेस्ट मोड संपवून पूर्ण प्लेट लावताना मॉड्यूलशेजारचे डोळ्याचे चिन्ह बंद करा, नाहीतर प्रत्येक चित्राला खिडक्या उघडत राहतील.

‘ओव्हरलेआउटलाइन्स’मध्ये कड आतून, बाहेरून की जाड, हे निवडता येते. दाट पेशींना आतली घ्या. बाहेरची कड शेजारणीच्या अंगणात शिरते. करड्या चित्रावर कडेची झळाळी ठरवण्याचा एक पर्याय आहे, तो नीट वाचा. १२ बिटांच्या कॅमेऱ्याचे चित्र १६ बिटांच्या फाइलमध्ये असेल तर त्याचे सर्वांत उजळ मूल्य ४,०९५, म्हणजे ६५,५३५ च्या जेमतेम ६ टक्के. अशा वेळी ‘मॅक्स पॉसिबल’ निवडले तर काळ्या पाटीवर पांढऱ्या रेषा एवढेच दिसते. ‘मॅक्स ऑफ इमेज’ घ्या. जतन करताना पीएनजी किंवा टिफ वापरा. जेपेगमध्ये बारीक रंगीत रेषा शेजारच्या पिक्सेलमध्ये पसरतात.

भरीव अर्धपारदर्शक रंगासाठी ‘ओव्हरलेऑब्जेक्ट्स’ आणि मोजमापाचे आकडे किंवा रंग पेशीवर छापण्यासाठी ‘डिस्प्लेडेटाऑनइमेज’ आहे. दोन्ही उपयोगी, पण बघताना हाताशी सरकपट्टी नाही, हे मनात धरूनच या वाटेला जा.

नापारी: त्रिमित थर आणि पायथन

लेबलांच्या थराला अपारदर्शकतेची सरकपट्टी आहे, आणि ‘कंटूर’ नावाचा आकडा. ० असेल तर भरीव, १ किंवा जास्त असेल तर तेवढ्या जाडीची कड. त्रिमित दृश्यात कंटूर चालत नाही, तिथे भरीवच बघावे लागते. ‘शो सिलेक्टेड’ने एकच पेशी उरते, झेड-स्टॅकमध्ये (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यात) एक पेशी थरामागून थर तपासायला इतकी सोपी सोय या चौघांत दुसरीकडे नाही. शेजारच्या दोन पेशींना योगायोगाने सारखा रंग मिळाला तर त्या एक झाल्यात असे समजू नका. ‘शफल कलर्स’ दाबा आणि पुन्हा बघा.

लोक अडतात ते तीन ठिकाणी. लेबलांची टिफ फाइल ओढून टाकली की ती साध्या करड्या चित्राचा थर म्हणून उघडू शकते; थराच्या नावावर उजवे क्लिक करून तिचे लेबलांत रूपांतर करा. मूळ चित्र मायक्रॉनच्या मापाने उघडले आणि लेबले पिक्सेलच्या, तर दोन्ही थर एकमेकांवर बसत नाहीत. अल्गोरिदम चुकला नाही, ‘स्केल’ राहिले आहे. आणि ग्राफिक्स कार्डाच्या मर्यादेपेक्षा मोठे चित्र असेल तर नापारी ते लहान करून दाखवू शकते. इशाऱ्याची ओळ येते, ती कोणी वाचत नाही, आणि मग बारीक कडा तुटक का दिसतात याचा शोध सुरू होतो.

मग निवड कोणती

स्कॅन केलेली टिश्यू स्लाइड असेल तर क्यूपाथ, यावर फार चर्चा नको. वीस-पंचवीस फ्लुरोसन्स चित्रे आणि त्यातून एक नेटकी आकृती हवी असेल तर फिजी. प्लेटमागून प्लेट येणार असेल तर सेलप्रोफायलर. झेड-स्टॅक असेल आणि प्रयोगशाळेत एखादी तरी व्यक्ती पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) लिहिणारी असेल तर नापारी. नसेल तर तिथे वेळ जाईल.

दोन साधने जोडून वापरायची तर मधला दुवा लेबलांची १६ बिटांची टिफ फाइल ठेवा: ० म्हणजे पार्श्वभूमी, पुढे एकेक पेशी. ८ बिटांत २५५ च्या पुढचे क्रमांक बसत नाहीत आणि पेशी एकमेकींत मिसळतात. ही फाइल संगणकाच्या साध्या चित्रदर्शकात उघडली तर पूर्ण काळी दिसेल, कारण ३०० हा क्रमांक ६५,५३५ च्या मानाने काळाच. रिकामी समजून ती डिलीट करू नका. फिजीत उघडा, लुकअप टेबलमधून (रंगांच्या तक्त्यांतून) ‘ग्लासबी’ लावा, पेशी वेगवेगळ्या रंगांत उमटतील.