सोलर बसवलं आणि बिल वाढलं

सोलर बसवल्यावर विजेचं बिल वाढलं असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग म्हणतो, "तुम्हीच एसी जास्त चालवला असेल." आमच्याकडे एसी नाही. पॅनल व्यवस्थित चालू होते आणि ऊन तर सोलापूरचं होतं. गडबड होती ती कागदपत्रांत. आमच्या भागात हा प्रकार आणखी काही घरांत झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

योजना खरी आहे हे आधीच सांगते. घराच्या छतावर सोलर बसवायला केंद्र सरकारची सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला एकूण ७८,००० रुपये सबसिडी मिळते. एजंट लोकांचं फावतं ते यामुळेच. बातम्या सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, ७८ हजारांचा आकडा पाठ असतो, त्यामुळे तो सांगणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही.

आमच्याकडे आलेला मुलगा सासऱ्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव घेऊन आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. "आजोबा, ३ किलोवॉट बसवा, २५ वर्षं बिल शून्य. लाइट गेली तरी पंखे चालू राहतील. सबसिडीचं आम्ही बघतो, पोर्टलच्या भानगडीत तुम्ही पडूच नका."

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. सोलर कितीही मोठं असलं तरी स्थिर आकार बिलात येतोच. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद पडतं, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलरचा इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. आणि सबसिडी ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते, त्यात कंपनीने 'बघण्यासारखं' काही नसतं. पण सगळ्यात महागात पडलं ते पॅनल लावून झाल्यावर तो सहज बोलून गेला ते: "नेट मीटर यायला वेळ लागेल. तोवर वीज वाया कशाला घालवायची? चालू करून देतो." १,९५,००० रुपये त्यांनी त्याआधीच घेतले होते, काही बँकेतून, काही रोख. रोख रकमेची पावती साध्या कागदावर, जीएसटी नंबर नसलेली.

पुढच्याच बिलात युनिट नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. आम्ही ३०० युनिटच्या आत राहणारे. ती हद्द ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, त्यामुळे आकडा बघून सासऱ्यांचा बीपीच वाढला. एजंटला फोन केला तर म्हणे, "रीडिंग चुकलं असेल, काकू."

उलगडा केला आमच्या भागातल्या लाइनमनने. भर दुपारी तो मीटरसमोर उभा राहिला. घरात फ्रिज आणि दोन पंखे, एवढंच चालू. तरी मीटरवरचा लाल दिवा सटासट लुकलुकत होता. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला आहे, म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की १ युनिट. त्याने सोलरचा एमसीबी, म्हणजे चालू-बंद करायचा स्विच, खाली केला आणि दिवा रेंगाळायला लागला. पुन्हा वर केला, पुन्हा सटासट. "ताई, हे चालू कुणी करायला सांगितलं?"

साधं मीटर वीज आत येतेय की बाहेर जातेय हे बघत नाही. दोन्ही दिशांची वीज ते 'वापरली' म्हणूनच मोजतं. दुपारी पॅनल २ किलोवॉट देत असतील आणि घर ३०० वॉट घेत असेल, तर उरलेली १७०० वॉट बाहेर जाते, आणि दर तासाला १.७ युनिट आपल्याच नावावर चढतात. म्हणजे आपण वीज फुकट द्यायची आणि वर तिचे पैसेही आपणच भरायचे! नेट मीटरमध्ये इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट अशी दोन वेगळी रीडिंग असतात, तिथे हा घोळ होत नाही.

मग महावितरणच्या कार्यालयात गेलो. आमच्या ग्राहक क्रमांकावर ना सोलरचा अर्ज, ना नेट मीटरची मागणी. एजंटने दाखवलेली 'अर्जाची प्रिंट' कुठून आली ते त्यालाच माहीत. योजनेच्या अधिकृत व्हेंडरांच्या यादीतही ही कंपनी नव्हती. विचारल्यावर उत्तर मिळालं, "आम्ही दुसऱ्या व्हेंडरखाली काम करतो." कोणाखाली, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वाटलं होतं, अर्ज आता आपणच करू आणि निदान सबसिडी तरी मिळवू. तीही वाट बंद निघाली. सबसिडीसाठी पॅनल डीसीआर लागतात, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. ते महाग असतात. आमच्या गच्चीवर लावले होते स्वस्तातले, नॉन-डीसीआर. पॅनलच्या मागे जाऊन स्टिकर कोण वाचतं? शेवटी दुसऱ्या, यादीतल्या व्हेंडरला वेगळे पैसे देऊन विनासबसिडी नेट मीटर बसवून घेतलं. आता बिल खरंच उतरलंय, १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. पण ७८,००० गेले ते गेलेच, आणि आधीचं वाढीव बिलही भरावं लागलं.

तुमच्याकडे कुणी आलं तर पोर्टलवर नोंदणी तुमच्याच मोबाइल नंबरवरून करा, ओटीपी तुमच्याच फोनवर येऊ द्या. एजंट स्वतःचा नंबर टाकू म्हणाला की तिथेच चहा देऊन निरोप द्या. व्हेंडरचं नाव यादीत स्वतः शोधा. प्रत्येक पॅनलचा क्रमांक असलेलं, उत्पादक कंपनीचं डीसीआर प्रमाणपत्र मागा आणि पॅनल वर चढवण्याआधी मागच्या स्टिकरशी ताडून बघा, नंतर तिथे हात पोचत नाही. करारात ५ वर्षांची देखभाल लिहिलेली हवी. पैशाचा शेवटचा मोठा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. आणि नेट मीटर लागेपर्यंत सोलरचा एमसीबी खालीच, कुणी कितीही बचतीचं आमिष दाखवलं तरी.

ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्याने हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र २ वर्षांची. आम्ही बँकेच्या नोंदी, ती साध्या कागदावरची पावती, वाढलेलं बिल आणि पॅनलच्या स्टिकरांचे फोटो जोडून तक्रार दाखल केली आहे. रोख दिलेल्या पैशांवरून त्यांनी आत्ताच कानावर हात ठेवलेत.