पेपर, अंगण की पिंजरा? पिल्लाला घरात शू न करायची सवय लावताना

शेरूला आम्ही मे महिन्यात जळगावच्या घरी आणलं, ही पहिली चूक. कूलरसमोरची फरशी ओली दिसली की ते कूलरचं पाणी की शेरूचा पराक्रम, हे वाकून वास घेतल्याशिवाय कळायचं नाही. शेजारच्या मावशी रोज यायच्या आणि म्हणायच्या, "हाऊ काही ऐकस नही." खरं तर ऐकत आम्हीच नव्हतो. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते शू धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. शेरू दोन महिन्यांचा, आणि आम्ही त्याला चार-चार तासांनी बाहेर काढत होतो. हट्टी म्हणतात त्यातली बरीच पिल्लं अशीच असतात.

धुळ्याला भावाकडे त्याच सुमारास लॅब्राडोरचं पिल्लू आलं. तिसरा मजला, दोघं नोकरीवर, मग रद्दी पेपरशिवाय इलाज नव्हता. पेपरचा फायदा उघड आहे: जिना उतरेपर्यंत पिल्लू थांबत नाही, पेपर मात्र चार पावलांवर असतो. लसी पूर्ण व्हायच्या आधी रस्त्यावर न्यायचं नसेल तरी पेपर बरा. साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत लसींचे डोस चालतात, आणि भटकी कुत्री जिथे फिरतात त्या मातीत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू महिनोन्‌महिने राहतो. तोटा नंतर कळतो. लहानपणी पायाखाली जे लागतं तीच जागा पिल्लू पुढे शोधतं. भावाच्या सासऱ्यांनी रविवारची पुरवणी वाचता वाचता चहा घ्यायला खाली ठेवली, आणि परत उचलली तेव्हा ती वाचायच्या लायकीची नव्हती. पिल्लाच्या हिशोबाने त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पेपरची सवय मोडायला भावाला नंतर आणखी दोन महिने लागले. म्हणजे एकच धडा दोनदा.

मागे किंवा पुढे बंदिस्त अंगण असेल, बाहेरची कुत्री आत येत नसतील, तर पेपर वगळून थेट मातीवर न्या, असं माझं स्पष्ट मत आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ थांबला की लगेच, आणि रात्री किमान एकदा. जागा एकच ठेवायची. काम झाल्या झाल्या, तिथेच उभं राहून, पोळीचा तुकडा द्यायचा. घरात येऊन दिला तर तो घरात येण्याबद्दल मिळाला असं त्याला वाटतं. आपल्याकडे अडचण उन्हाची. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की दुपारी कोब्यावर पाय ठेववत नाही, पिल्लू दारातूनच मागे फिरतं आणि कूलरसमोर उरकतं. आम्ही लिंबाखालची माती दुपारी पाणी शिंपडून गार करायला लागलो, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

पिंजरा ही स्वतंत्र पद्धत नाही, जोडीला घ्यायची. झोपायची जागा पिल्लू शक्यतो घाण करत नाही, एवढ्यावर ती चालते. म्हणून पिंजरा उभं राहून वळता येईल एवढाच हवा. मोठा घेतलात तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. रात्रीसाठी उत्तम. पण उन्हाळ्यात पत्र्याखाली किंवा गच्चीवर अजिबात नको, आणि दिवसभर कोंडून कामावर जाणार असाल तर घेऊच नका. अंगणात साखळीने बांधून ठेवणं हा आपल्याकडचा चौथा प्रकार. त्यातून पिल्लू फक्त बांधून घ्यायला शिकतं.

काहीही निवडलं तरी पिल्लाचं नाक शूमध्ये घासू नका, मारू नका. त्याने ते सोफ्यामागे लपून करायला शिकतं, बाकी काही नाही. फिनाईलने आपल्याला वास येईनासा होतो, त्याला येतोच. शूचा वास मुळापासून काढणारं एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर ते वापरा, नाहीतर पाण्यात व्हिनेगर. आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक घरात थेंब-थेंब शू करायला लागलं तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, तो हट्ट नसतो.

शेरू जूनपर्यंत पक्का झाला. मग पहिला पाऊस पडला, आणि कोरड्या मातीवर शिकलेला हा गडी ओल्या मातीवर पाय टाकेना. आठवडाभर लिंबाखाली मी छत्री धरून उभा.