लोकलचा पास नऊ महिने वापरून: एक तारा का कापला

परवा चौथ्या सीटवरून (तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला करून दिलेली जागा) भांडलो, म्हणून हे लिहायला बसलो. एरवी मुंबई लोकलच्या पासाबद्दल कोण लिहितं!

आधी मागची उधारी. ३ मार्च २०२० ला मी त्रैमासिक पास काढला. त्यात तीन महिन्यांना २.७ महिन्यांचेच पैसे पडतात, तेवढीच बचत. २२ तारखेच्या रात्री कोरोनामुळे लोकल बंद झाली आणि माझे ७२ दिवस गेले. (हा आकडा मी झोपेतही सांगतो, बायकोला विचारा.) १ फेब्रुवारी २०२१ ला गाडी सगळ्यांसाठी उघडली, तेव्हा खिडकीवर ते दिवस वाढवून मिळाले. पण प्रवास करायचा कधी? पहाटेपासून सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. माझं ऑफिस दहा ते सहा! तरी पैसे वसूल करायचे म्हणून सहा चाळीसची पकडायचो आणि ऑफिस उघडेपर्यंत जिन्यात बसून राहायचो. संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत भटकणार कुठे, म्हणून परत येताना शेअर गाडी. वाचवलेलं सगळं तिच्यात गेलं. तेव्हा कानाला खडा लावला: यापुढे फक्त मासिक.

आता मूळ विषय. दुसऱ्या लाटेत सामान्यांना पुन्हा बंद झालेली लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना खुली झाली. मी पंचेचाळिशीच्या पुढचा. पहिला डोस एप्रिलमध्ये, दुसरा जुलैत, त्यामुळे पहिल्याच खेपेला बसलो. सर्टिफिकेट आणि ओळखपत्र दाखवून शिक्का घ्यायचा, मग तो कागद घेऊन तिकीट खिडकी. दोन रांगा, दीड तास.

पण गाडी! पहिल्या आठवड्यात दोनदा विंडो मिळाली. मधल्या जागेवरची फुली पुसट झाली होती, तरी काही लोक तिचा मान राखायचे. बाकावर तिघं, कधी दोघंच. चौथा नाहीच. बावीस वर्षं प्रवास करतोय, पण दोन्ही मांड्या एकाच वेळी सीटवर असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच.

माणसं इतकी हळू का परतली, ते आमच्या ग्रुपकडे बघून समजलं. तिशीतल्या पोराला पहिली लस मिळाली जूनच्या शेवटी. कोविशील्डचे ८४ दिवस, वर चौदा. तो उगवला ऑक्टोबरात. दुसरा आठवड्यातून एकदाच ऑफिसला जाणारा. ऑक्टोबर संपेपर्यंत साधं तिकीट मिळतच नव्हतं, आणि चार फेऱ्यांसाठी महिन्याचा पास कोण काढतो? तिसऱ्याच्या कंपनीने भाड्याची जागाच सोडली. तो घरी बसून 'गर्दीचे फोटो पाठवा' असे मेसेज करायचा.

डिसेंबरात बाकावर चौथा आला. मास्कमधून पुटपुटत 'जरा सरकता का?' मी सरकायचो, पण असं तोंड करून की मास्कवरूनही दिसावं. चार महिन्यांत सीट माझ्या नावावर झाली होती जणू. जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि चौथा गायब. मला (लाज वाटते, पण लिहितो) बरं वाटलं. फेब्रुवारीच्या शेवटी तो परतला. एप्रिलच्या सुरुवातीला निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, आणि दारातली लटकंती जुन्या जागी.

इथे माझं मत बदललं. एप्रिलमध्येच एकदा गुडघा धरला होता आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तीन अनोळखी माणसं न बोलता दोन-दोन बोटं सरकली आणि मी एका मांडीवर ठाण्यापर्यंत आलो. त्या मांडीला मुंग्या आल्या, पण गुडघा वाचला.

तर परवाचं भांडण. नवा पोरगा, पहिलीच नोकरी. मी म्हटलं, 'सरकून घे रे.' तो म्हणाला, 'काका, सीट तिघांचीच आहे ना?' त्याने लोकल पाहिली तीच रिकामी असताना, त्याला चौथी सीट कुणी शिकवणार कधी? आणि डिसेंबरात जो मी तोंड वाकडं करत होतो, तोच मी ठाणे ते कुर्ला चौथ्या सीटची वकिली करत उभा! शेजारचे दोघं हसायला लागले, मग तो सरकला.

जाता जाता: ५ मे २०२२ पासून एसी लोकलचं तिकीट निम्मं झालं, कमीत कमी ६५ चे ३० रुपये. एसीच्या पासाचे दर मात्र तेव्हा तेच राहिले. म्हणजे रोज येणाऱ्याने घामच गाळायचा.

पाचपैकी चार. कापलेला तारा त्या ७२ दिवसांचा. पास १८ तारखेला संपतोय. २.७ चा हिशेब पुन्हा मांडून पाहिला. या वेळी त्रैमासिक काढतोय, बायकोला अजून सांगितलेलं नाही.